समासात प्रभाकर

२९ जून, रविवार

खोटारडा! माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, लहानपणी माझ्या पदराला नाक पुसणारा, आता नाशिकचा मोठा सीए — आणि त्याने माझ्या नावावर खोटं लिहून ठेवलं!

यंदाचं रिटर्न भरायचं म्हणून सुयोगने नमुन्याला मागच्या वर्षीचं पाठवलं. नाशिकच्या फ्लॅटचं भाडं, बँकेचं व्याज, सगळं बरोबर. खाली आरोग्य विम्याच्या हप्त्याची सवलत. एक हप्ता माझा, एक प्रभाकरचा. दोन्ही मीच भरते, तेही खरं. पण प्रभाकरच्या नावापुढे काय? पती!

लगेच फोन लावला.

"आत्या, ती सवलत नवरा, मुलं आणि आईवडील यांच्यासाठीच असते. मग काय लिहायचं होतं मी? मित्र?"

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"आणि कुवेतमध्ये काय सांगतेस तू सगळ्यांना? तिथे चालतं ना?"

मी फोन ठेवून दिला. कार्ट्याला बोलायला शिकवलं कुणी? मीच.

३० जून, सोमवार

कुवेतमध्ये मी कुणाला काही सांगत नाही. हा फरक आहे, आणि मोठा आहे.

बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, मला 'मदाम प्रभाकर' म्हणतो. मराठी मंडळातल्या बायका त्याला प्रभाकरभाऊजी म्हणतात. मी दुरुस्ती करत नाही, एवढंच. इथे लग्नावाचून एका घरात राहणं गुन्हा आहे, उद्या कुणी तक्रार केली तर दोघांची रवानगी. अब्बासियाच्या या दोन खोल्यांत वीसेक वर्षं आम्ही गप्प बसून संसार केला. पण गप्प बसणं वेगळं आणि लिहून खाली सही करणं वेगळं.

शाळेत सिस्टरनी सवय लावली होती. सही करायची तर आधी उभं राहून मोठ्याने वाचायचं. लायब्ररीचं कार्ड असलं तरी! निळा ट्यूनिक सारखा करून, मेणाने घासलेल्या त्या लाल फरशीवर उभं राहून आम्ही वाचायचो — आय प्रॉमिस टू रिटर्न द बुक — आणि बाहेर पेरूच्या झाडावर पोपट ओरडायचे. सिस्टर म्हणायच्या, जे तोंडाने म्हणवत नाही त्याच्याखाली नाव घालू नका.

आयुष्यात एकदाच न वाचता सही केली. तेविसाव्या वर्षी, लग्नाच्या नोंदणीची. त्यानंतर पाच वर्षं प्रत्येक कागदावर कुणाची तरी पत्नी होते आणि पगार त्याच्या खात्यात जायचा. घटस्फोटाचा कागद मात्र कोर्टात उभं राहून मोठ्याने वाचला. वकील हसला. हसू दे!

४ जुलै, शुक्रवार

सुट्टी. प्रभाकरने सकाळीच मासळी बाजारातून झुबैदी, म्हणजे इथलं पापलेट, आणली, कोकम घालून तिखलं केलं, भात केला, माझे लॅबचे पांढरे कोट इस्त्री करून हँगरला लावले. मार्चपासून हे असं चाललंय. शुवैखचं त्याचं एसीचं वर्कशॉप बंद झालं. म्हातारा मालक गेला, मुलांना त्या धंद्यात रस नाही. तिथे तो फोरमन होता. खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल.

पेन्सिल अजून कानामागे असते. आज वाणसामानाची यादी करायला काढली.

त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, सप्टेंबरअखेरपर्यंत. तोवर नवा कफील, त्याची हमी घेणारा मालक, मिळाला नाही तर जावं लागेल. साठी ओलांडलेला, डिग्री नसलेला माणूस. ज्या कंपनीत जातो तिथे चहा मिळतो, वर "शोफ बाद रमदान, रमदाननंतर बघू." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रमजान नुकताच संपला होता. पुढचा थेट पुढच्या वर्षी!

जेवताना म्हणाला, "कसं झालंय?"

छान झालं होतं. तसं सांगितलं. मग उगीचच रडू आलं आणि म्हटलं, काटा लागला.

११ जुलै, शुक्रवार

सुयोगशी पुन्हा बोलले. शांतपणे. मागच्या वर्षीचं दुरुस्त करता येतं, पण सवलत परत जाते, व्याज लागतं, वर जादा करही भरावा लागतो.

"भर," म्हटलं.

"आत्या, कुणी बघतसुद्धा नाही गं हे."

"मी बघितलं ना."

"बरं. म्हणजे यंदा प्रभाकरकाकांचं नाव काढून टाकतो."

"नाव काढायचं नाही! सवलत नको मला. पण खरं लिही. सोबत राहतो, सध्या नोकरी नाही, माझ्यावर अवलंबून आहे."

"तसा रकानाच नाही."

"मग समासात लिही."

"ऑनलाइन फॉर्मला समास नसतो गं, आत्या!"

हसायला लागला. मलाही हसू येत होतं पण मी येऊ दिलं नाही. कुवेतला कर नको, म्हणून घरात कोण जेवतं हे तो विचारत नाही. आपला देश विचारतो, पण खरं उत्तर लिहायला जागा ठेवत नाही. आणि मी म्हणे हट्टी!

१५ जुलै, मंगळवार

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दोन नव्या कुवेती मुली आल्यात. हुशार आहेत. मी स्लाइड रंगवायला शिकवते. घाई करतात, रंग धुवून टाकतात. मी म्हटलं, थांबा, पेशींना श्वास घेऊ द्या. त्यांना गंमत वाटली.

२२ जुलै, मंगळवार

आमच्या लॅबची प्रमुख फातिमा. कुवेती आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण माझ्या डब्यातली भाजी हक्काने खाते. आज प्रभाकरची चौकशी केली. सगळं सांगितलं. म्हणजे, एक गोष्ट सोडून सगळं.

"एवढंच?" म्हणाली. "तू आरोग्य मंत्रालयाची कर्मचारी आहेस. तुझ्या नावावर घे नवऱ्याला. माझा चुलतभाऊ त्या ऑफिसात आहे. तू फक्त अक्द आण, बाकी मी बघते."

अक्द म्हणजे लग्नाचा करार.

"आहे ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "शोधावा लागेल."

पाहा! तेही खरंच आहे.

२५ जुलै, शुक्रवार

दर वर्षी माझ्या वाढदिवसाला प्रभाकर विचारतो. "करायचं काय गो लग्न?" मी म्हणते, "नाही, केक काप." पहिल्या काही वर्षी त्याचा चेहरा पडायचा. मग तो आमचा रिवाजच झाला, मेणबत्तीसारखा. तो कुडाळचा, तिथे त्याच्या घरी आधी बोंब झाली, मग सगळ्यांना सवय झाली. त्याची आई असेपर्यंत मला दर वर्षी सोलं पाठवायची. डब्यावर नुसतं माझं नाव लिहिलेलं असायचं — शामलाक. नातं काही नाही. शामलाक!

मी नाही का म्हणत आले? त्याच्याबद्दल शंका नव्हती. कुणाच्या तरी नावापुढच्या रकान्यात पुन्हा बसायचं नव्हतं.

कायद्याने दोघंही मोकळे आहोत, दूतावासात नोंदणी होते. म्हणजे मीच विचारायचं. त्यात काय! विचारेन. केक नसला म्हणून काय झालं.

२६ जुलै, शनिवार

विचारलं. चहा पिताना. सगळं नीट समजावून सांगितलं. दूतावास, अक्द, फातिमाचा चुलतभाऊ, माझ्या नावावर इकामा.

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "आणि सुयोगच्या कागदावर मी काय आहे?"

मी सुयोगशी बोलत होते ते त्याने ऐकलं होतं तर. मी म्हटलं, "खरं तेच. अवलंबून."

"अवलंबून!"

"त्यात काय वाईट आहे? मी कमावते, तू —"

"मी भात शिजवतंय."

"तसं नाही म्हटलं मी."

उठून खिडकीशी गेला. चिडला की तो मालवणीवर येतो. "इतकी वर्सां मी इचारलंय. तेव्हा नाय. आता सरकारी कामासारखा इचारतंस? माका नको तुझो कागद. तुका कोणाच्या रकान्यात बसूचा नव्हता ना? मग माका कित्याक बसवतंस?"

 

मी समजावणार होते, पण तो गॅलरीत कपडे वाळत घालायला निघून गेला. पन्नास डिग्रीत!

२७ जुलै, रविवार

माझं चुकलं नाही. विचारण्याची पद्धत चुकली असेल.

२ ऑगस्ट, शनिवार

तो सकाळी निघतो तो ऊन उतरल्यावर येतो. शुवैखला जातो, गॅरेजपाशी, जुन्या ओळखीच्या माणसांकडे. स्वयंपाक करून जातो. डबाही भरून ठेवतो. बोलत नाही. आज डब्यात शिऱ्यावर बेदाण्यांचा गोल केला होता. अबोला आणि बेदाणे! या माणसाला रागावतासुद्धा येत नाही धड.

१० ऑगस्ट, रविवार

फातिमाने पुन्हा विचारलं. "सापडला का अक्द?"

म्हटलं, "नाही."

तिने मग दार लोटलं, आणि हळूच म्हणाली, "शामला, हरवला आहे की नाहीच?"

तोंडाने म्हणवत नव्हतं. मान हलवली.

तिने स्वतःच्या हाताने मला चहा ओतला. "मी काही विचारलं नाही," म्हणाली, "आणि तू काही सांगितलं नाहीस." मग जाता जाता: "पण तो चांगला माणूस आहे. त्याच्या मिरचीच्या लोणच्यासाठी मी दुवा मागते."

लॅबमध्ये कुजबुज आहे की नोकरीवरून काढायच्या परदेशी लोकांची नवी यादी येणार. दर वर्षी येते. पंचवीस वर्षं ऐकते आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

विजयाचा फोन. विजया म्हणजे आमच्या मंडळाची अध्यक्ष, सालमियाच्या दाताच्या डॉक्टरांची बायको, पुण्याची. प्रत्येक वाक्य हुकमासारखं.

"शामलाताई, यंदा गणपतीच्या पूजेला तुम्ही दोघं बसायचं. मंडळातलं सगळ्यात जुनं जोडपं! नऊवारी आहे ना? नाहीतर मी देते. भाऊजींना सोवळं."

याआधी दोनदा टाळलं होतं. एकदा ड्युटी सांगितली, एकदा प्रभाकरची कंबर. या वेळीही कंबर सांगता आली असती. पण मला एकदम सुयोगचं ते वाक्य आठवलं. तिथे चालतं ना?

म्हटलं, "आम्ही नाही बसणार."

"का? सुतक आहे?"

"नाही. आमचं लग्न झालेलं नाही."

 "म्हणजे, विधिवत नाही असं?"

"कसंच नाही."

"अगं बाई." मग परत: "अगं बाई! आणि मी संक्रांतीला तुमची ओटी भरली!"

"तांदूळ परत देऊ का?"

फोन बंद.

 मान ताठ होती. खरंच सांगते, इतकं हलकं मला शाळेतल्या शेवटच्या पेपरानंतर वाटलं नव्हतं. मग भीती वाटायला लागली. विजयाने हे कुणाला सांगितलं तर प्रकरण पूजेवर थांबणार नाही. प्रभाकरला सांगायलाच हवं.

१८ ऑगस्ट, सोमवार

सांगितलं. मला वाटलं, ओरडेल.

आधी डोळे मोठे केले. मग खांदे हलायला लागले. "तांदूळ परत देऊ म्हणालीस?" हसता हसता खाली बसला. "विजयाबायला? तांदूळ?"

तीन आठवड्यांनी हसला. मीही.

मग गंभीर झाला. "शामे, ती बोलली कुठे तर?"

"तर जाऊ दोघं. एका विमानाने तरी जाऊ!"

त्याने माझ्या डोक्यावर थोपटलं, टीव्ही दुरुस्त झाला की थोपटतो तसं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

विजयाचा फोन. मी श्वास रोखून उचलला.

"पूजेला दुसरं जोडपं बसवलंय. तुमची ड्युटी आहे असं सांगितलंय मी सगळ्यांना. आणि हे पाहा, त्या दिवशी रेंज नव्हती. मला काही ऐकू आलेलं नाही."

"बरं."

"आणि मोदक तुम्हीच वळायचे. या नव्या मुलींना पाकळ्या येत नाहीत, नुसते गोळे करतात."

"माझ्या हातचे चालतील?"

"बाप्पाला काय कळतंय रेंजचं," म्हणाली आणि ठेवला.

ही बाई मला कधीच आवडली नव्हती. अजूनही नाही. पण!

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. एकेका मोदकाला मोजून पाकळ्या. विजयाने झाकण उघडून पाहिलं आणि काहीच म्हणाली नाही. ती काही म्हणाली नाही म्हणजे उत्तम झाले.

आरतीला प्रभाकर पुरुषांत, मी बायकांत. माणसांच्या डोक्यांवरून त्याने मला शोधलं. एवढ्या वर्षांनीही तो गर्दीत आधी मला शोधतो, मगच टाळी धरतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

जहीरने त्याला घेतलं!

जहीर हैदराबादचा, शुवैखला मोठमोठ्या फ्रीजरच्या दुरुस्तीचं दुकान चालवतो. प्रभाकर ऑगस्टभर रोज तिथे जाऊन बसत होता, येईल तो फोन उचलत होता, कुठला मुलगा कुठे पाठवायचा ते सांगत होता. पगार नाही, काही नाही. जहीर म्हणाला म्हणे, "प्रभाकरभाई, आप नहीं आते तो दुकान में शोर मच जाता है." त्याच्या कफीलने कागद घेतले. साठीच्या वरच्यांच्या इकाम्याला लागणारे जास्तीचे पैसे जहीर भरतो आहे, पगारातून हळूहळू कापून घेणार.

माझ्या नावावाचून. माझ्या अक्दवाचून. माझ्या रकान्यावाचून.

आनंद झालाच. पण आणखी काहीतरी झालं, ते काय ते उगाच लिहीत नाही.

नाही, लिहितेच. थोडा राग आला. मला त्याला वाचवायचं होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

इकामा बदलून झाला. त्याने मोबाइलवर दाखवला, शाळेचं प्रगतीपुस्तक दाखवावं तसा. मी मोठ्याने वाचला, नावापासून खालपर्यंत. तो उभा राहून ऐकत होता.

सुयोगने दोन्ही रिटर्न भरली. जुनं दुरुस्त, नवं स्वच्छ. प्रभाकरचा हप्ता कुठेच नाही, त्याच्यावरचा कर मी भरला. सुयोगने खाली मेसेज केला, "आत्या, समाधान झालं?"

लिहिलं, "नाही. पण खोटं तरी नाही."

१४ सप्टेंबर, रविवार

वाढदिवस. जहीरच्या दुकानातून येताना केक आणला. मेणबत्ती लावली. मी वाट पाहिली.

त्याने विचारलं नाही.

"कप पुसून घे," म्हणाला, "मी चहा टाकतो."

कप पुसले. दोन्ही. बराच वेळ पुसत होते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

या वेळच्या यादीत मी आहे. फातिमाने स्वतः बोलावून पत्र दिलं, माझा हात धरून रडली. वर्ष संपलं की माझ्या जागी त्या दोघींपैकी एक. चांगलं शिकवलंय मी त्यांना. नोकरी गेली की इकामाही गेला.

घरी येऊन पत्र प्रभाकरसमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. पोचल्याची सही करायची होती. केली. मग दिवाणावर बसले.

तो म्हणाला, "सुयोगाक फोन लाव."

"कशाला?"

"इचार त्येका, बिनलग्नाची, बिननोकरीची बाई माझ्या कागदात खंय लिवतत."

"रकाना नाही रे."

"म्हायत आसा," म्हणाला. कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "सर गो जरा. जागा कर."

मी सरकले.